तुमचं प्रोफाइल जरा हेवी आहे, सर

मायक्रॉन :

"तुमचं प्रोफाइल आमच्यासाठी जरा हेवी होतंय, सर."

हे वाक्य गेल्या सात महिन्यांत मी नऊ वेळा ऐकलं. नऊच कसे, तर मी मोजले. मोजणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. क्वालिटीत सव्वीस वर्षं काढली. डिप्लोमा, मग नोकरी करत बी.ई., मग रविवारी वर्गात बसून एम.बी.ए. शेवटची अकरा वर्षं चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होतो, त्यातली पाच प्लांट क्वालिटी हेड म्हणून. गेल्या वर्षी मालकांनी ती लाइनच दुसऱ्या राज्यात हलवली. 'तुम्हीही चला' म्हणाले. आई दीड वर्षापासून अंथरुणावर आहे, तिला घेऊन कुठे जाऊ? हिशेब घेतला आणि बाहेर पडलो.

वय ५१. घर मोशीत. मला आता हेड-बिड व्हायचं नाही. रात्री अकराला कस्टमरचा फोन, व्हॉट्सॲपवर रिजेक्शनचे फोटो, पहाटे गाडी काढून सॉर्टिंगला माणसं घेऊन पळा, हे पुष्कळ झालं. भोसरी, तळवडे, चिखली या पट्ट्यात इंजिनियर किंवा सीनियर इंजिनियर म्हणून आठ तास मान खाली घालून काम करायला तयार आहे. घराचं कर्ज फिटलंय, मुलगी शेवटच्या वर्षाला आहे, पगार निम्मा चालेल.

तर निम्म्या पगारात कुणी घेत नाही!

दोन प्रसंग सांगतो. भोसरीतली मशिनिंगची कंपनी, साठ-सत्तर माणसं. फोनवर एच.आर.ची मुलगी बोलता बोलता 'काका' म्हणाली, मग जीभ चावून 'सर'. मुलाखतीला क्वालिटी मॅनेजर समोर, वय तिशीच्या आसपास. पोरगा हुशार होता, आवडला मला. म्हणाला, "सर, तुम्हाला मला रिपोर्ट करावं लागेल. चालेल?" मी म्हटलं, "न चालायला काय झालं?" तो हसला. टेबलावर त्यांचा कंट्रोल प्लॅन, म्हणजे काय कधी तपासायचं त्याचा तक्ता, पडला होता. मी सहज म्हणालो, यात बोअरची (भोकाची) तपासणी दर पन्नास नगांना लिहिलीय आणि टूल तर तीस नगांना बदलताय, मग टूल बदलल्यावरचा पहिला नग कोण बघतं? त्याचं हसू तिथेच आटलं. दोन दिवसांनी फोन. हेवी.

दुसरा प्रसंग प्लेसमेंटवाल्याचा. त्याने सरळ सांगितलं, "एम.बी.ए. काढून टाका, शेवटचं पद सीनियर इंजिनियर लिहा, दहा वर्षं कमी दाखवा. चुटकीसरशी लावून देतो."

तर प्रश्न असा, की लपवावं का? आणि या लोकांना नक्की भीती कशाची वाटते? भरती करणारं कुणी इथे असेल तर स्पष्ट सांगा. मला वाईट वाटणार नाही, वाटायचं तेवढं वाटून झालंय.

गुळपोळी :

वाचतेय. आमच्या घरीही सध्या हेच चालू आहे (माझं नाही, नवऱ्याचं). त्यामुळे सगळे प्रतिसाद वाचणार.

स्पष्टवक्ता :

पन्नाशीत नोकरी मागत फिरायचंच कशाला? सव्वीस वर्षांचा अनुभव आहे ना, मग स्वतःचं काहीतरी सुरू करा. मराठी माणूस मरेपर्यंत नोकरीच शोधतो.

मधुमालती :

स्पष्टवक्ता, ज्याच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलंय त्याला धंद्यात उडी मारायला सांगणं सोपं असतं. असो.

मायक्रॉन, मी पुण्यात चौदा वर्षं भरतीच करतेय, आधी प्लेसमेंट एजन्सीत, आता एका कारखान्यात. 'हेवी' हा आमचा सोयीचा शब्द आहे. त्यात निदान चार गोष्टी दडलेल्या असतात, आणि उमेदवाराला त्यातली कुठली ती कधीच सांगत नाहीत.

पैसा ही त्यातली सगळ्यात साधी. तुम्ही 'निम्मा चालेल' म्हणता, पण आम्ही शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा मागतो. त्यावरचा आकडा बघून साहेबांना वाटतं, हा आज हो म्हणेल आणि पहिल्या इन्क्रिमेंटला तोंड वाकडं करेल. दुसरी गोष्ट म्हणजे टिकणं. तिसरी तुम्ही स्वतःच सांगितलीत, तो कंट्रोल प्लॅन. तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पण त्या पोराने तो प्लॅन गेल्याच ऑडिटला मंजूर करून घेतला असणार. त्याच्या डोक्यात पुढचं चित्र लगेच उभं राहिलं असेल, की डायरेक्टर साहेब राउंडला आले आणि त्याला सोडून तुमच्याशी बोलत उभे राहिले. चौथी गोष्ट वय. ते कागदावर कधीच येत नाही. 'टीम यंग आहे' असं कुणी म्हणालं की समजून जायचं.

आता प्लेसमेंटवाल्यांचं गणित सांगते, हे बाहेर फार कुणाला ठाऊक नसतं. एजन्सीला साधारण वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के मिळतात, म्हणजे एका महिन्याचा पगार. पण करारात अट असते, की माणूस नव्वद दिवसांच्या आत सोडून गेला तर फुकट दुसरा द्या नाहीतर पैसे परत. त्यामुळे पळून जाईल अशी शंका असलेला माणूस ते पुढे पाठवतच नाहीत. आणि तुम्ही कमी पगार मागितलात की त्यांचं कमिशनही कमी, म्हणजे धोका जास्त आणि मिळकत थोडी. तुमचे नऊ नकार तुम्हाला ऐकायला तरी आले. बाकीचे कित्येक अर्ज कंपनीपर्यंत पोचलेच नसतील.

पोर्टलवरही तेच. आम्ही शोधताना अनुभवाच्या रकान्यात 'चार ते आठ वर्षं' भरतो. सव्वीसवाला यादीत येतच नाही. नाकारायलासुद्धा कुणी बघितलेलं नसतं.

म्हणून माझं ऐकाल तर एजन्सी आणि पोर्टल दोन्ही सोडा. पन्नास ते दीडशे माणसांच्या कारखान्यांत थेट मालकाला गाठा. तिथे निर्णय एकच माणूस घेतो आणि त्याला कुणाच्या खुर्चीची काळजी नसते.

दहा वर्षं लपवायचं तर विसराच. पी.एफ.चा यू.ए.एन. नंबर दिला की कधी कुठे होतात ते सगळं तारखांसकट दिसतं. पडताळणीत पकडलं गेलं की 'हेवी'च्या जागी 'खोटारडा' लागतं, आणि एच.आर.चे ग्रुप असतात हो.

तासिकावाला :

लपवण्याबद्दल माझा अनुभव लिहितो.

मी इतिहासात एम.ए., सेट, पीएच.डी. मराठवाड्यात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे आता शिकवत होतो म्हणायचं. आठवड्याला नऊ तास, त्यातही परीक्षा आणि सुट्ट्यांचे पैसे नाहीत, मानधन यायचं तेव्हा येतं. दर जूनला नव्याने मुलाखत. आठ वर्षं कायम जागेची वाट बघितली. मध्यंतरी एका खासगी शाळेत गेलो. संस्थाचालक म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला पाचवीला शिकवायला लावायचं म्हणजे आम्हालाच लाज वाटेल." मनात म्हटलं, तुमच्या लाजेने माझा किराणा भरत नाही.

शेवटी शहरातल्या पुस्तक वितरकाकडे गेलो आणि फक्त 'बी.ए.' सांगितलं. बिलं करायची, गठ्ठे बांधायचे, एस.टी. पार्सलला टाकायचे. काम खरंच बरं होतं. दुपारी चहाला सगळे गोणीवर बसायचे, शेठ पण. चार महिने सुखात गेले. एक दिवस काउंटरवर माझा जुना विद्यार्थी आला, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्यायला. मला बघून तो वाकला, थेट पाया पडला. "सर, तुम्ही इथे?"

शेठ काही बोलले नाहीत. भला माणूस. पण त्या दिवसापासून मला गठ्ठे उचलायला सांगणं बंद झालं. चहाला माझ्यासाठी खुर्ची येऊ लागली. दीड महिन्यात म्हणाले, "सर, तुम्हाला सांगताना जीभ रेटत नाही. मला काम सांगता येईल असा पोरगा पाहिजे."

खोटं बोललो म्हणून नाही काढलं. खरं कळल्यावर आमच्यातलं नातंच बदललं. म्हणून मायक्रॉन साहेब, पदवी लपवू नका. मात्र 'मला काम सांगायला संकोच करू नका' हे समोरच्याला पटेल असं कसं सांगायचं, ते मला अजून जमलेलं नाही. तुम्हाला जमलं तर कळवा.

शिरोलीकर :

मी तो मालक. म्हणजे मधुमालतीताई म्हणतात तसला, शिरोली एम.आय.डी.सी.त मशिनशॉप, चाळीस माणसं. आसपासच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. खरं सांगतो, 'हेवी' म्हणून मीही माणसं परत पाठवल्यात.

सहा-सात वर्षांपूर्वी एक जण घेतला होता, पुण्याच्या मोठ्या कंपनीतनं आलेला. कोल्हापूरचाच, गावाकडं यायचं म्हणून. पहिल्या दिवसापासून "आमच्याकडं असं नव्हतं" सुरू. दिवसातनं दहादा! आमच्याकडं कॅन्टीन नाही, आमच्याकडं ई.आर.पी. नाही, ऑपरेटर चहा मशिनवरच पितात. सगळं खरं, पण भावा, ते बदलायला पैसा माझ्या खिशातनं जातो. अडीच महिन्यांनी कस्टमरचं ऑडिट होतं त्याच आठवड्यात गेला. पुण्याला परत बोलावलं म्हणे. त्या ऑडिटला मी एकटा उभा होतो, घाम फुटलेला. पुढची दोन वर्षं मोठ्या कंपनीचं नाव बायोडेटात दिसलं की तो मी बाजूलाच टाकायचो.

मग एक रिटायर्ड गृहस्थ आले. ते पण मोठ्या कारखान्यातले. म्हणाले, "दोन महिने मला काही बदलायचं नाही, फक्त बघायचंय." एक स्टूल घेतलं आणि मशिनजवळ बसले. ऑपरेटरांची नावं पाठ केली, पोरं किती, गाव कुठलं. तिसऱ्या महिन्यात माझ्याकडं आले तर हातात एकच कागद, त्यावर तीनच गोष्टी, आणि त्यातली एक फुकटात होणारी. आज पाच वर्षं झाली, अजून आहेत. मी पगार वाढवतो म्हटलं तर म्हणतात, गुरुवारी लवकर सोडा, तेवढं बास.

शिक्षण दोघांचं सारखंच होतं बघा. म्हणून मी आता मुलाखतीत एकच विचारतो, टेबलाला बसणार का मशिनजवळ? तुम्ही त्या पोराचा कंट्रोल प्लॅन पहिल्या वीस मिनिटांत तपासलात. चूक बरोबर पकडलीत, पण ते स्टूलवर बसायच्या आधीच झालं.

मायक्रॉन :

शिरोलीकर, वर्मी लागलं. रात्री झोप आली नाही.

मधुमालती, तुमचा प्रतिसाद वाचताना एक जुनी गोष्ट आठवली. ती इथे लिहिणं मला भाग आहे. २०१७ साली माझ्याकडे एक गृहस्थ इन्स्पेक्शनच्या जागेसाठी आले होते. पिंपरीतल्या बंद पडलेल्या कारखान्याच्या टूलरूमचे, वय ५४. हातात जुनी चामड्याची बॅग, त्यात स्वतःची मायक्रोमीटर, कापडात गुंडाळलेली. मी पाच मिनिटं बोललो, चहा पाजला आणि त्यांच्या अर्जावर 'ओव्हरक्वालिफाइड' लिहून फाइल एच.आर.ला दिली. तेव्हा माझ्या मनात काय होतं? त्यांनी मला 'साहेब' म्हटलेलं मला अवघडून टाकत होतं. एवढंच. त्यांच्या कामाबद्दल मला तसूभरही शंका नव्हती.

ते गृहस्थ नंतर कुठे गेले, माहीत नाही.

तासिकावाला सर, तुमच्या शेठची खुर्ची आणि माझा चहा एकच.

काळा कोट :

लपवण्यावरून कायद्याची थोडी भर घालतो, कारण बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की जास्त शिकलेल्याला नाकारताच येत नाही.

सरकारी आणि बँकेच्या नोकरीत जाहिरात काय म्हणते याला महत्त्व आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई भरतीची अट होती, बारावी पास हवा पण पदवीधर नको. एका उमेदवाराने पदवी लपवून नोकरी मिळवली, बँकेने काढलं, उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पात्रता ठरवणं हा नोकरी देणाऱ्याचा अधिकार, आणि माहिती दडवणाऱ्याला हक्क सांगता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. उलट त्याच्या वीस वर्षं आधी, नागपूर जिल्हा न्यायालयाच्या भरतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं होतं, की ठरवलेल्यापेक्षा जास्त शिक्षण आहे एवढ्यावरून उमेदवाराचा विचारच न करणं तर्काला धरून नाही. दोन्हीत नियमांची आणि जाहिरातीची शब्दरचना वेगळी होती, म्हणून निकाल वेगळे.

तिसरं उदाहरण आपल्या शिक्षकांच्या जिव्हाळ्याचं. पहिली ते पाचवीला बी.एड. चालेल अशी २०१८ची अधिसूचना होती, ती ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रद्द ठरली. लहान मुलांना शिकवायला डी.एड.चं प्रशिक्षण लागतं, बी.एड. म्हणजे त्याची वरची पायरी नव्हे, ते वेगळंच शिक्षण आहे, असा एकूण रोख. वकिली सोडून बोलायचं तर मला तो पटतो. जास्त शिकलेला माणूस खालचं काम आपोआप चांगलं करतो हे आपण गृहीत धरलेलं असतं.

खासगी कंपनीत मात्र तुमच्या हातात फारसं काही नाही. 'हेवी' म्हणून नाकारलं तर दाद मागायला जागा नाही. पण खोटा बायोडेटा दिला तर त्यांना तुम्हाला काढायला भक्कम कारण मिळतं, तेही पाच वर्षांनी.

तासिकावाला :

काळा कोट साहेब, सरकारी नोकरीत तर जास्त शिकलेल्यांचीच गर्दी. मंत्रालयाच्या कॅन्टीनमध्ये वाढप्यांच्या १३ जागा निघाल्या होत्या, चौथी पास अट, अर्ज ७,०००च्या आसपास. निवडलेल्यांत बहुतेक पदवीधर. २०१९च्या जानेवारीत पेपरात आलं होतं. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना १० लाखांवर अर्ज. माझ्या परीक्षा केंद्रावर माझ्या पुढच्या बाकावर माझीच विद्यार्थिनी होती. तिने मागे वळून पेन मागितलं.

गुळपोळी :

बाप रे. दिलंत का पेन?

तासिकावाला :

दिलं. तिचंही झालं नाही, माझंही नाही.

बर्फातला भाऊ :

कॅनडातल्या मिसिसागाहून. इकडे 'ओव्हरक्वालिफाइड' आणि 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स नाही' ही जुळी भावंडं आहेत. मी नागपूरचा, मेकॅनिकलचा एम.टेक. आल्यावर पहिलं दीड वर्ष गोदामात खोकी स्कॅन केली. याला इथे सर्व्हायव्हल जॉब म्हणतात. माझ्या शिफ्टला फिलिपिन्सची नर्स, पंजाबचा पशुवैद्य आणि मी. सुपरवायझरला तिघांचं शिक्षण माहीत होतं, कारण तो स्वतः इराणचा आर्किटेक्ट.

कॅनडाच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने २००६ साली एका प्रकरणात म्हटलं होतं, की स्थलांतरितांना नाइलाजाने आपल्या शिक्षणाहून खालच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करावे लागतात, त्यामुळे 'जास्त शिकलेला' म्हणून नाकारण्याचा फटका त्यांनाच जास्त बसतो आणि तो भेदभाव ठरू शकतो. आमच्या ऑन्टारिओत १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहिरातीत कॅनेडियन अनुभवाची अट घालता येत नाही. जाहिरातीत येत नाही, मनात असतेच.

एक कामाचं सांगतो. मी शेवटी लागलो तो बायोडेटा कापून नाही, उलटा करून. पदनामं खाली ढकलली आणि वर लिहिलं मी हाताने काय करतो. कुठली मशिनं, कुठली मोजमापं, कुठलं सॉफ्टवेअर. सगळं खरंच, फक्त क्रम वेगळा. 'चाळीस लोकांची टीम सांभाळली' हे वाक्य मला फार प्रिय होतं. ते काढताना जीव तुटला.

(अवांतर : अमेरिकेत कनेक्टिकटच्या न्यू लंडन गावात पोलीस भरतीत एकाला चाचणीत ३३ गुण पडले. विभाग २० ते २७ वाल्यांनाच बोलवायचा, फार हुशार माणूस कंटाळून सोडून जाईल म्हणून. तो कोर्टात गेला. २००० साली अपिलातही हरला.)

डोंबिवलीची लोकल :

माझी गंमत ऐका. एम.सी.ए., सात वर्षं टेस्टिंगमध्ये, मग मुलं आणि सासूबाईंचं आजारपण यात आठ वर्षांची गॅप. आता ठाण्यात बॅक ऑफिसच्या कामाला अर्ज केला. पहिल्या फेरीत म्हणाले, तुम्ही या कामाला ओव्हरक्वालिफाइड आहात. मी म्हटलं, मग तुमच्याकडेच टेस्टिंगची जागा निघालीय, तिथे घ्या. म्हणाले, तिथे तुमचा अनुभव जुना झालाय. एकाच केबिनमध्ये, एकाच बाईंनी, दहा मिनिटांत! मी हसले, तर त्यांनाही हसू आलं. नोकरी नाही मिळाली, पण त्यांनी पाणी पाजून लिफ्टपर्यंत सोडलं.

मायक्रॉन दादा, तुमच्याकडे 'का' याचं उत्तर चांगलं आहे, तुम्हाला आईजवळ राहायचंय. ते अर्जात लिहिता का? का मुलाखतीपर्यंत राखून ठेवता?

मायक्रॉन :

लिहीत नव्हतो. घरचं रडगाणं कशाला, असं वाटायचं.

मधुमालती :

तेच चुकतंय! आम्हाला कारण कळलं नाही की आम्ही आमच्या मनाने भरतो, आणि मनात कधीच चांगलं येत नाही. 'काढून टाकलं असेल', 'आजारी असेल', 'भांडखोर असेल'. तुमचं कारण तर असं आहे की ते ऐकून टिकण्याची शंकाच मिटते. रडगाणं नको, एक ओळ पुरे. आणि पगाराला 'निगोशिएबल' लिहू नका, तो शब्द आम्हाला 'हा जास्त मागणार' असाच ऐकू येतो. आकडा लिहा.

शिरोलीकर :

आणि मेल नको. मालकाला व्हॉट्सॲप करा, सकाळी नवाच्या आत. नंतर आम्ही कुणाचेच नसतो.

स्पष्टवक्ता :

मी वर लिहिलं ते जरा जास्तच झालं. माझ्या वडिलांची कंपनी बंद झाली तेव्हा ते असेच फिरले होते, तो राग असेल. भोसरीत माझ्या मामांच्या ओळखीचे दोन-तीन मशिनशॉपवाले आहेत. व्यनि (खासगी निरोप) करतो.

मायक्रॉन :

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

असा निरोप तयार केला होता : "नमस्कार. क्वालिटीत २६ वर्षं, शेवटी हेड होतो. आई अंथरुणावर आहे म्हणून मोशीच्या जवळच आणि ठरावीक वेळेचं काम हवंय. बोअर गेज, हाइट गेज, सी.एम.एम. हाताने चालवतो. इंजिनियरच्या पदावर, महिना ५५ हजार, निदान पाच वर्षं. पहिले दोन महिने तुमच्या पद्धतीने." अकरा जणांना पाठवला. सात जणांनी उत्तरच दिलं नाही, दोघांनी 'सध्या जागा नाही' म्हटलं, दोघांनी बोलावलं. त्यातले एक स्पष्टवक्त्यांच्या मामांच्या ओळखीचे. त्यांचे इथेच जाहीर आभार.

तिथे मालक सत्तरीचे. बायोडेटा उलटा ठेवला, वाचलाच नाही बहुतेक. मला सरळ शॉपमध्ये नेलं आणि एक हाउसिंग पुढे ठेवून म्हणाले, बोअर मोजा. शेवटचं कधी हाताने मोजलं होतं आठवेना, हेड झाल्यावर फक्त रिपोर्टवर सह्या. गेज मास्टर रिंगवर (माप पक्कं ठाऊक असलेल्या कड्यावर) शून्य करताना बोटं थरथरली. मी वाचन सांगितलं. त्यांच्या मुलीने सी.एम.एम.चा, म्हणजे संगणकावर मोजणाऱ्या मशिनचा, कागद आणला. मी चार मायक्रॉनने चुकलो होतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

मला वाटलं, संपलं. तर म्हणाले, "हात बसेल परत. तुम्ही आकडा जमवून सांगितला नाहीत, ते बरं वाटलं." मग शिरोलीकरांचाच प्रश्न, टेबलाला का मशिनजवळ? सगळे मालक एकाच शाळेत शिकलेत की काय!

पगार मागितला त्याहून चार हजार कमी. हो म्हणालो. माझा साहेब २९ वर्षांचा आहे. काल ओळख झाली तेव्हा तो 'सर' म्हणाला. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, नावापुढे 'जी' लाव हवं तर, पण काम सांगताना थांबू नकोस. तासिकावाला सर, जमलं की नाही ते दोन महिन्यांनी कळवतो.

तासिकावाला :

वाट बघतो. मीही एका क्लासच्या मालकांना आज सकाळी पावणेनवाला व्हॉट्सॲप केलाय. डॉक्टर लिहूनच.

गुळपोळी :

अभिनंदन! तो निरोप नवऱ्यासाठी उचलू का? तो सिव्हिलचा आहे, गेजच्या जागी काय लिहावं?

मायक्रॉन :

उचला की. साइटवर स्वतःच्या हाताने जे करतात ते लिहायला सांगा, लेव्हल लावणं, बार बेंडिंग शेड्यूल तपासणं, जे असेल ते. करवून घेतात ते नको.

एक किरकोळ प्रश्न आहे, इथेच विचारतो. सोमवारी फर्स्ट शिफ्ट. कपाटातले सेफ्टी शूज दहा वर्षांपूर्वीचे निघाले, आज घालून बघितले तर सोल सुटून हातात आला. भोसरीत बरे कुठे मिळतील? टाच चावणारे नकोत, दिवसभर उभं राहायचंय.

स्पष्टवक्ता :

मामांना विचारून सांगतो. ऑनलाइन घेऊ नका, घालून बघा. आणि संध्याकाळी जा, तेव्हा पाय सुजलेले असतात, माप बरोबर लागतं.